परतभेटीचे ऋण

आपल्या मुलाने परदेशी शिकावयास जावे, ही इच्छा आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. वैनगंगेच्या काठच्या खेड्यांतूनही ती बोलून दाखविली जाते. परदेशचा विद्यार्थी आपल्या घरी ठेवून घ्यावा, असेही काही कुटुंबांस वाटते. या दोन्ही इच्छा स्तुत्य होत. तथापि मुदत संपली, विद्यार्थी स्वदेशी परतला व प्रमाणपत्र भिंतीवर लागले, की सर्व कार्य आटोपले, अशी पुष्कळांची समजूत दिसते. ती आम्हांस मान्य नाही. ज्या घराने परक्या मुलास आपले म्हटले, त्या घराने पुढेमागे त्याच्या देशी जाऊन त्याच्या आईबापांस भेटावे. आणि ज्याचे मूल परक्या घरी राहिले, त्याने त्या घरच्या माणसांस आपल्या दारी बोलवावे. परतभेट ही चैन नव्हे. ते एक ऋण आहे.

या ऋणाचे मोल डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या चरित्रात दिसते. आनंदीबाईंनी वैद्यकी शिकावी म्हणून गोपाळरावांनी लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले. ते छापणाऱ्या मिशनऱ्याने या दांपत्याने ख्रिस्ती व्हावे असे सुचविले होते. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती थिओडोशिया कार्पेंटर यांनी १८८० साली तो मजकूर वाचला आणि तशी काहीही अट न घालता आपले घर देऊ केले. पुढे तीन वर्षे केवळ पत्रांचा संबंध होता. १८८३ च्या जून महिन्यात अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्क बंदरात उतरल्या, तेव्हा त्यांस उतरवून घेण्यास ज्या बाई उभ्या होत्या, त्यांस त्या आधीपासूनच मावशी मानीत असत. त्या घरी राहूनही त्यांचे लुगडे सुटले नाही, शाकाहार सुटला नाही, धर्म सुटला नाही. मिशन शाळेच्या अंकात ही गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कारण पाहुण्यास आपल्यासारखे करून घेणे म्हणजे आतिथ्य नव्हे, तो जसा आहे तसा त्यास घरात जागा देणे हे आतिथ्य.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंस फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. त्या समारंभास गोपाळराव हजर होते. इंग्लंडहून पंडिता रमाबाईही गेल्या होत्या. म्हणजे या तीरावरची माणसे त्या तीरास पोहोचली. त्या तीरावरच्या मावशीने या तीरास येणे मात्र आनंदीबाईंच्या हयातीत घडले नाही. नोव्हेंबर १८८६ मध्ये स्वदेशी परतलेल्या आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास निवर्तल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली आणि न्यूयॉर्क प्रांतातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. मावशी भाचीच्या घरी येऊ शकली नाही. भाचीच मावशीच्या घरी परत गेली!

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. ते शिकण्यास नव्हे, सेवेस गेले होते. परंतु त्यांच्या पत्नी गुओ चिंगलान पुढे अनेकदा भारतात येऊन कोटणीस कुटुंबास भेटल्या. मध्यंतरी १९६२ चे युद्ध होऊन गेले, तरी हे नाते तुटले नाही. राष्ट्रे भांडतात; एकमेकांच्या उंबऱ्याआत जाऊन आलेल्या माणसांस तसे भांडणे जड जाते.

दुसऱ्या महायुद्धात रणांगणावरून जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या संस्थेने १९४७ साली शाळकरी मुलांच्या अदलाबदलीचे काम हाती घेतले, त्यामागेही हाच विचार होता.

परतभेटीने आणखी एक लाभ होतो. आपल्या घरी राहिलेला विद्यार्थी आपल्यास अर्धाच कळलेला असतो. आपल्याकडे तो नवखा. हाताने भात कसा कालवावा, हेही त्यास विचारावे लागे. त्याच्या घरी आपण गेलो म्हणजे पारडे फिरते. तेथे तो यजमान, आपण अडाणी. तो अबोल का होता, पानात काही टाकण्यास का भीत असे, हे त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात बसल्यावर उमगते. म्हणून तेथे परीक्षक होऊन जाऊ नये. त्यांचे घर लहान की मोठे, हे मोजण्याऐवजी त्यांच्या रोजच्या क्रमात मुकाट्याने सामील व्हावे.

उलट, असा पाहुणा भंडारा जिल्ह्यातील आपल्या घरी आला, तर आपण काय करतो? शेजारच्या खुर्च्या मागून आणतो, शहरी पक्वान्ने करतो, आणि मातीची भिंत झाकून टाकतो. हा संकोच व्यर्थ आहे. त्यास धानाची बांधी दाखवावी, रोवणीच्या दिवसांत चिखलात उतरवावे, पूर्वजांनी बांधलेल्या मामा तलावाच्या पाळीवरून फिरवावे, आयते करून वाढावे, रात्री दंडार दाखवावी. आपल्या मुलाने परदेशी असताना ज्या घराची आठवण काढली, ते हेच घर होते. पाहुणा तेच पाहण्यास आलेला असतो.

कोणी म्हणेल, एवढा प्रवासखर्च शेतकऱ्याने कोठून आणावा? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यासाठी कोणी कर्ज काढावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु कार्पेंटरबाई व आनंदीबाई यांचे नाते तीन वर्षे टपालावर वाढले, हे विसरू नये. आज पत्र क्षणात पोहोचते व चेहराही दिसतो. तरी वर्षभरात संबंध सुकून जातो. तेथे द्रव्याचा दोष नाही, आळसाचा आहे.

तेव्हा विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी कोणी उद्या परक्या देशी कोणाच्या घरचे अन्न खाल, तर परतताना निरोप घेऊ नका. आमंत्रण देऊन या. आणि पालकहो, ते आमंत्रण स्वीकारून कोणी खरोखरच दारी आले, तर पाय धुण्यास पाणी देण्यापूर्वी घराची लाज तेवढी बाहेर ठेवा.