शिवणीतली माया

१९४७ मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र भागात, रू लपिकच्या भाजीबाजारात काही मॉडेल छायाचित्रांसाठी उभ्या राहिल्या. अंगावर ख्रिस्तियाँ दिओरचे नवेकोरे, घेरदार पोशाख. बाजारातल्या बायकांनी ते पाहिलं आणि त्या तुटून पडल्या. केस ओढले, कपडे टराटरा फाडले. युद्ध संपून दोन वर्षं होत आली होती, पण पाव अजून रेशनवरच मिळत होता. अशा दिवसांत एकेका पोशाखाला वीस वारांच्या आसपास कापड घालवलेलं पाहून डोकं फिरणं साहजिक होतं.

आज त्याच घेराच्या जुन्या झग्यांसाठी लंडन-न्यूयॉर्कच्या व्हिंटेज दुकानांत गिऱ्हाइकं भरपूर पैसे मोजतात. युद्धोत्तर फॅशन म्हटलं की दिओर, आवळलेली कंबर आणि पोटरीपर्यंतचा घेर एवढंच डोळ्यांसमोर येतं. त्या काळाकडून घेण्यासारखी गोष्ट मात्र दुसरीच आहे.

दिओरने आपला पहिला संग्रह १२ फेब्रुवारी १९४७ रोजी दाखवला. ‘हार्पर्स बझार’च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला ‘न्यू लुक’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. त्यात नवं तसं थोडंच होतं. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्या आईच्या पिढीतल्या बायका कशा नटत, ते दिओरला आठवत होतं. तीच ऐट त्याने परत आणली. म्हणजे आजचे व्हिंटेजप्रेमी ज्याच्यामागे धावतात तो पोशाखही मागे वळून पाहणाराच होता. शिवाय त्याला भांडवल पुरवलं होतं मार्सेल बुसाक या कापड गिरणीमालकाने. घेर वाढला की कापड खपतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

इंग्लिश खाडीपलीकडे ब्रिटनमध्ये चित्र वेगळं होतं. तिथे जून १९४१ पासून कपडे कूपनवर मिळत. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं. त्यातली २६ पुरुषाच्या एका तीन-नगी सुटातच संपायची. १९४२ मध्ये खिसे, बटणं, चुण्या यांवर मर्यादा आली, पँटच्या पायाची दुमडसुद्धा बंद झाली. पुरुषांना सगळ्यात जास्त राग आला तो या दुमडीच्या बंदीचा. भारतीयांना १९४२ च्या योजनेमुळे ठाऊक असलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स युद्धानंतर तिथले व्यापारमंत्री होते. लांब स्कर्टमध्ये कापडाची उधळपट्टी त्यांना मुळीच मान्य नव्हती. बायकांनी त्यांचं ऐकलं नाही. जुन्या स्कर्टला खालून पट्टी जोडून घरच्या घरी न्यू लुक साधला. कूपनं अखेर मार्च १९४९ मध्ये गेली.

या टंचाईतच ‘युटिलिटी’ कपडे जन्मले. त्यांवर ‘सीसी ४१’ असा शिक्का असे आणि त्यातल्या दोन गोलाकार ‘सी’मुळे लोक त्याला गमतीने ‘चीज’ म्हणत. किंमत सरकारने बांधलेली, कापडाचा दर्जाही ठरवून दिलेला. नमुने करून देणाऱ्यांत नॉर्मन हार्टनेल आणि हार्डी एमिस होते. दोघांनीही पुढे राणी दुसऱ्या एलिझाबेथसाठी पोशाख केले. दुकानात शिरणाऱ्या साध्या बाईला नामांकित हाताने आखलेला, हमीच्या कापडाचा पोशाख परवडत होता. आज संग्राहक हा शिक्का शोधत फिरतात, त्याला कारण आहे.

जुन्या कपड्याचं खरं आकर्षण इथे आहे. तो एकदाच वापरायचा म्हणून शिवलेला नसे. शिंप्याने शिवलेल्या कोटाच्या शिवणीत माया असे, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड. अंग सुटलं तर कोट सैल करता येई. कॉलर झिजली की उलटवत. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने तर दुरुस्तीचे धडे देणारी पुस्तिकाच काढली.

अर्थात जुनं तेवढं सोनं असंही नाही. जे कपडे तेव्हाच विरले, ते चिंध्यांत गेले. उरलेल्यांवरून सगळ्या काळाची परीक्षा करणं फसवं आहे. न्यू लुकच्या त्या नाजूक कंबरेसाठी आतून कंचुकीचा जाच होता. शिवाय ज्या १९४१ मध्ये कूपनं आली, त्याच वर्षी व्हिनफील्ड आणि डिक्सन या ब्रिटिश रसायनतज्ज्ञांनी टेरिलीन या पॉलिएस्टर धाग्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे एके काळी टेरिलीनचा शर्ट ही मिरवायची चीज होती. आज त्याच पॉलिएस्टरमध्ये ‘व्हिंटेज लुक’चे नवे झगे घाऊक शिवले जातात. छाप १९५० ची, शिवण मात्र चार धुण्यांत उसवणारी.

मराठी घरांना हा फरक समजवावा लागत नाही. गल्लीतला टेलर ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना माया ठेवतो, म्हणून बाळंतपणानंतरही तोच ब्लाउज अंगात बसतो. जुन्या कपड्यांवर स्टीलचं पातेलं देणारी बोहारीण साडी उजेडात धरून विरली आहे का ते बघते, मगच सौद्याला बसते. जुना कपडा घेताना तिच्याच नजरेने तो उलटा करून पाहावा, लेबल नंतर.

नव्या कपड्यांकडूनही हीच अपेक्षा ठेवायला हरकत नाही. लंडनवर बॉम्ब पडत असताना एका सरकारला कापडाचा दर्जा ठरवून देता आला, तर तयार कपड्यांच्या बड्या कंपन्यांना शिवणीत अर्धा इंच माया आणि एक जादा बटण देणं जड जाऊ नये. त्यासाठी कपडा थोडा महागेल. मग वर्षाला आठऐवजी चारच घ्यावे लागतील, आणि गिऱ्हाइकाने त्याची तयारी ठेवली पाहिजे.