सामान बांधण्याआधी

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी आमच्या सोलापूरच्या सल्ला केंद्रात कुंभारीहून एक बाई आली. शुक्रवारी येणाऱ्या बायांच्या चेहऱ्यावरून एरवी अंदाज येतो: मारहाण, दारू, सवत, नाहीतर माहेरी आणून टाकलेली. हिचे तसे काही दिसत नव्हते. पिशवीतून तिने एक टाइप केलेला कागद काढला आणि म्हणाली, "ताई, मुलाला चाकणला कंपनीत काम लागलंय. मालक म्हणतात, सगळीच जाऊ पुण्याला. भोसरीला खोली बघून आलेत. इथलं घर विकायचं, त्यातनं तिथलं डिपॉझिट आणि एक रिक्षा. सही करू का?"

घर तिच्या नावावर आहे. आमच्या सोलापूरबाहेरच्या वाचक मैत्रिणींसाठी सांगते, कुंभारीला विडी कामगार बायांची दहा हजार घरांची वसाहत आहे, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ साली ती उभी राहिली. त्यासाठी बायांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, विड्या वळून पैसे भरले. या बाईचे घर त्यातलेच. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर बसून वीस वर्षे सूप मांडीवर घेऊन तेंदूपत्ता कापला. तिच्या आयुष्यात तिच्या एकटीच्या नावावर असलेली ही एकच वस्तू, आणि शहर बदलायच्या तयारीत पहिली विकायला निघाली ती हीच.

आम्ही लगेच 'सही करू नका' म्हणालो नाही. आमची एक तरुण कार्यकर्ती म्हणणार होती, तिला मी डोळ्यांनी थांबवले. नवऱ्याचे म्हणणे सगळेच चुकीचे नव्हते. बंद घर पडून राहिले तर कोणी घुसेल, पुण्यात डिपॉझिटशिवाय खोली नाही, आणि मुलाच्या कंत्राटी पगारावर चौघांचे भागणार नाही. म्हणून आम्ही आधी एवढेच विचारले, की बाई, तुमची स्वतःची तयारी काय काय झाली?

ती जरा गोंधळली. मग भराभरा सांगू लागली. भांडी कुठली न्यायची, कपाट विकायचे की टेम्पोत घालायचे, मुलाला डबा किती वाजता लागेल, नवऱ्याच्या शुगरच्या गोळ्या, सासूला कोणाकडे ठेवायचे, मुलगी तेलुगू माध्यमात सातवीत आहे तिचे काय. सगळ्यांची यादी तोंडपाठ. पुन्हा विचारले, तुमची? "माझी काय ताई, मी हायच की."

हे ऐकून मला माझी स्वतःची लाज वाटली. १९९३ साली माझ्या नवऱ्याची बदली नागपूरहून सोलापूरला झाली तेव्हा मी शिकलेली, चळवळीत फिरणारी, समानतेवर भाषणे ठोकणारी बाई होते. सामानाची यादी मी वहीत केली होती, खोक्यांवर आकडे घातले होते. गॅसची शेगडी कुठल्या खोक्यात आणि सिलिंडर जमा केल्याची पावती कुठल्या पाकिटात हे मला झोपेतही सांगता आले असते. लोणच्याची बरणी तर रेल्वेत मांडीवर घेऊन आले. आणि माझी पदवी, माझ्या नोकरीचा दाखला, दोन्ही नागपूरला आईच्या ट्रंकेत राहिले. नोकरी मी हसत हसत सोडली होती. 'तिकडे बघू' म्हणून. ते 'बघू' पुढे पाच वर्षे चालले. कोणी माझ्यावर सक्ती केली नव्हती. घर हलवायचे म्हणजे बाकीच्यांना हलवायचे, असे मीच धरून चालले होते.

जनगणनेच्या तक्त्यांतही हेच दिसते. २०११ च्या गणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित होते आणि त्यांत बायकाच जास्त. त्यांच्या जाण्याचे सर्वांत मोठे कारण नोंदवले आहे ते लग्न. पुरुष कामासाठी जातो, बाई लग्न करून किंवा कुटुंबाबरोबर जाते, असे तिथे लिहिले जाते. रकान्यात कारण एकच मावते. नव्या गावी पोचल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती चार घरी पोळ्या लाटायला लागते, ते त्या रकान्यात येत नाही. ती काम करणारी माणूस म्हणून गेलीच नाही, असे सरकारही समजते आणि घरही. मग तिच्या तयारीचा विचार कोण करणार?

तर त्या शुक्रवारी चहा मागवून आम्ही तिची यादी करायला बसलो. सुरुवात मोबाइलपासून झाली. तिचे बँकेचे खाते तिच्या नावावर, विडीचा प्रॉव्हिडंट फंड तिच्या नावावर, आधार तिचे. पण तिन्हींना जोडलेला नंबर नवऱ्याचा. म्हणजे पैसे तिचे आणि ओटीपी त्याच्या खिशात. भांडणतंटा नाही तोवर यात काही वाटत नाही. पण नवरा पुण्यात रिक्षावर आणि ही सोलापुरात फंडाच्या ऑफिसात उभी, किंवा त्याने नंबरच बदलला, तर बाईचे सगळे अडकते. मैत्रिणींनो, हल्ली आम्ही प्रत्येक बाईला हा प्रश्न विचारतो आणि दहातल्या निम्म्याशिम्म्या जणींचे उत्तर हेच येते. पूर्वी आपण विचारायचो, पासबुक कोणाकडे असते? आता विचारले पाहिजे, नंबर कोणाचा आहे? दोन-तीन चकरांत बदलून मिळतो, पण तो गाव सोडायच्या आधी बदललेला बरा.

नाव ही दुसरी भानगड. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आधारवर सासरचे, फंडाच्या कागदावर कारखान्याच्या कारकुनाने ऐकू आले तसे. आपल्या गावात सगळे ओळखतात, म्हणून निभावते. परक्या शहरात तिन्ही नावे एकाच बाईची आहेत हे सिद्ध करायला तिचे महिने जातात. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही, हे आपण शिबिरांतून सांगून थकलो. महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावायचे ठरवले, त्याचे आपण स्वागत केले. विवाहित बाईच्या नावात मात्र नवऱ्याचे नाव पूर्वीसारखेच चालू ठेवले, हेही लक्षात असू द्या.

रेशनकार्डावर ती कुटुंबप्रमुख होती. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई प्रमुख धरली जाते. पण भोसरीच्या दुकानात धान्य मिळेल हे तिला माहीत नव्हते. कार्ड रद्द करून नवे काढावे लागेल असे तिला कोणीतरी सांगितले होते. तसे नाही. अन्नसुरक्षेच्या कार्डावर आता देशात कुठेही, अंगठा देऊन धान्य उचलता येते, आणि काही माणसे गावी राहिली तर त्यांचा वाटा ती तिथे घेऊ शकतात. दुकानदार 'आमच्याकडचे कार्ड नाही' म्हणून परत पाठवतात. त्यांच्याशी भांडायची तयारीही ठेवायची.

भोसरीच्या खोलीचा करार नवऱ्याच्या एकट्याच्या नावाने होणार होता, तोही साध्या स्टॅम्पपेपरवर. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रभर पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, ती जबाबदारी घरमालकाची, आणि तसे नसेल तर वादाच्या वेळी, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. आम्ही तिला म्हणालो, करारात तुमचेही नाव घाला. पुढे बँक, गॅस, मतदार यादी, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून तोच कागद चालतो. नाहीतर नव्या शहरात बाईला पत्ता मिळतो तो नवऱ्यामार्फतच.

मुलीबद्दल मात्र आमचे एकमत झाले नाही. सरकारी किंवा अनुदानित शाळेत दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. पण भोसरीत जवळपास तेलुगू शाळा मिळणे कठीण, आणि वर्षाच्या मधोमध मराठी माध्यमात बसवली तर पोर गप्प होईल. परीक्षेपर्यंत आजीजवळ ठेवावी, असे बाईचे मत. आमच्यातल्या एकीला भीती, की आजीजवळ राहिलेली तेरा वर्षांची मुलगी शाळेपेक्षा विड्याच जास्त वळेल. दोघींचेही खरे होते. शेवटी आईनेच ठरवले.

हे सगळे मिळून जाणाऱ्या कुटुंबाचे झाले. मार खाऊन, मुले काखेला मारून शहर सोडणाऱ्या बाईची तयारी वेगळी असते. तिला टेम्पो नसतो, एक पिशवी असते, आणि ती पिशवी आठवडाभर आधी शेजारणीकडे नेऊन ठेवावी लागते. तिच्यासाठी एकच गोष्ट इथे ठळक करते, कारण वकीलसुद्धा ती कधीकधी सांगत नाहीत. खटल्यासाठी तिला मागे फिरून सासरच्या गावी यावे लागत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो. पोटगीचेही तसेच. हिंदू विवाह कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाल्यापासून पत्नी आपल्या राहत्या ठिकाणी घटस्फोटाचा अर्ज करू शकते. आणि छळाची तक्रार ती आसऱ्याला गेली त्या ठिकाणीही नोंदवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे.

सरकारी 'सखी निवास' वसतिगृहे नोकरी करणाऱ्या बायांसाठी आहेत, मुलांसह राहता येते. पण मुलगा ठराविक वयापुढचा असला की दार बंद. मग आईने मुलाला कुठे ठेवायचे? या अटीवर आपण आवाज उठवायला हवा. पुढच्या बैठकीत हा विषय घेऊ.

कुंभारीच्या बाईने सही केली नाही. म्हणजे नकारही दिला नाही. घरी जाऊन म्हणाली, "वर्षभर तिकडं पाणी मानवतंय का बघू, मग विकू. आणि विकायच्या आधी संस्थेच्या हापिसात विचारू, अटी काय हायत." घर तिने ओळखीच्या एका विडी कामगार बाईला भाड्याने दिले, लेखी करून. डिपॉझिटला ते भाडे आणि भिशीचे पैसे लागले. नवरा चार दिवस बोलला नाही. जानेवारीत ती गेली. परवा फोन आला, दोन घरी स्वयंपाकाचे काम लागले आहे, मोबाइल स्वतःच्या नंबराचा आहे, घराचा विषय मात्र दर रविवारी निघतो. एक फ्लॅटवाली बाई पगार महिन्याच्या पंधरा तारखेला देते म्हणून चिडली होती. तिला सांगितले, तू ज्या शहरात गेली आहेस तिथल्या मोलकरणींनी १९८० साली संप केला होता, त्यांची संघटना शोध. "कुठं असते ताई ती?" असे तिने विचारले, आणि वस्तीजवळचा पत्ता माझ्यापाशी नव्हता.

म्हणून एक विनंती. आपले अंक जिथे जातात त्या प्रत्येक गटाने आपल्या शहरातल्या एका जागेचा पत्ता आणि भेटायचा वार आम्हाला कळवावा. कार्यालय असो, बालवाडी असो, संघटनेचे टेबल असो. कोणाचे घर नको, आणि ज्या जागा गुप्त ठेवायच्या त्या तर मुळीच नकोत. नव्याने आलेली बाई तिथे गेली तर तिला पाणी विचारले जाईल, रेशन दुकान, दवाखाना, कामाचे दर सांगितले जातील, एवढेच पुरे. यादी पुढच्या अंकाच्या मधल्या पानावर छापू, म्हणजे फाडून पिशवीत ठेवता येईल. भोसरी-चिंचवड भागातल्या मैत्रिणींनी अंकाची वाट न पाहता आधीच पत्र टाकावे.