लेखनवर्गात 'दादीमा'च लिहा



ऑनलाइन लेखनवर्गात नाव घालायचं आहे, पण सुरुवात कशी करू, असं विचारणाऱ्या भगिनी अलीकडे वाढल्या आहेत. कुणाची मुलं मोठी झाली, कुणाचं बी.ए. लग्नामुळे अर्धवट राहिलं, कुणी वर्षानुवर्षं हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे. संध्याकाळी दोन तास घराबाहेर काढणं जमत नव्हतं, ते आता स्वयंपाकघराचं दार लोटून जमतं.

पैसे भरण्याआधी वर्गात किती जण आहेत ते विचारा. तीस-चाळीस जण असतील तर ते व्याख्यान झालं, तुमचं लिखाण कुणी वाचणार नाही. वर्गाचं रेकॉर्डिंग होतं का आणि ते कुणाकडे राहतं, हेही विचारा. हा प्रश्न बायका संकोचाने विचारत नाहीत, आणि मग घरातली एखादी दुखरी गोष्ट वाचून दाखवल्यावर रात्रभर झोप लागत नाही. 'कोर्स संपताच पुस्तक छापून देऊ' म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. वर्ग मगरिबच्या वेळेला येत असेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका, दहा मिनिटं कुणीही देतं. झूमच्या फुकट खात्यावरची बैठक ४० मिनिटांत बंद पडते, तेव्हा तुमचाच फोन बिघडला असं समजून घाबरू नका. मोबाइलवर मराठी कीबोर्ड घेतला की बोलूनही टाइप होतं. मात्र घरातले शब्द फोनला नीट कळतीलच असं नाही, म्हणून पाठवण्याआधी एकदा वाचून घ्या.

खरी अडचण येते ती पहिल्या गृहपाठाला. बहुतेक ठिकाणी तो साधाच असतो: घरातली एखादी वस्तू किंवा व्यक्ती, दोनशे शब्द. आणि इथेच आपल्या मुली पाठ्यपुस्तकातल्या घरात राहायला जातात. दादीमाची 'आजी' होते, फुफीची 'आत्या', दस्तरखान उचलून तिथे 'पान' मांडलं जातं. असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नसतं. शाळेत दहा वर्षं निबंध लिहून हाताला ती सवय लागलेली असते. मग 'आजी म्हणजे मायेचा सागर' असं वाक्य येतं, आणि त्या सागरात आपली दादीमा कुठे दिसत नाही.

त्याऐवजी असं लिहून पाहा: 'दादा गेले, आणि दादीमा चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर आल्या नाहीत. इद्दतीत मी रोज सकाळी दारातला पारिजात ओंजळीत भरून त्यांना आत नेऊन द्यायची. त्या फुलं मोजायच्या.' यात इद्दत म्हणजे काय हे कंसात सांगावं लागलं नाही. आधीच्या वाक्याने ते काम केलं. अनोळखी शब्दाला शेजार चांगला दिला की तो वाचणाऱ्याला आपोआप कळतो.

दख्खनीचंही तसंच आहे. घरात 'नक्को' म्हणतो ते लिहायला लाज वाटते, पण तो शब्द मराठीतल्या 'नको'वरूनच तर आला. 'मैंच'मधला 'च'सुद्धा मराठीचाच. मराठीत आपण पाहुणे नाही. १९९० साली पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, आणि पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही त्याच वर्षी सोलापुरात झालं.

आता वर्गातल्या चर्चेबद्दल. सगळ्यांनी एकमेकांचं वाचून मत द्यायचं, ही पद्धत अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या १९३६ साली सुरू झालेल्या लेखन कार्यशाळेमुळे जगभर पसरली. (आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात त्याच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन उपक्रमात होते.) या पद्धतीत एक नियम बरेच जण पाळतात: ज्याचं लिखाण, त्याने चर्चा संपेपर्यंत गप्प बसायचं. कारण रास्त आहे. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी लेखक समजावून सांगायला जात नाही.

पण बारा जणांत तुम्ही एकट्याच असाल, तर हा नियम जड जातो. 'इद्दत' शब्द आला की कुणी तरी विचारतं, ही प्रथा अजून आहे का? दुसरं त्यावर मत देतं, तिसरं बातमी सांगतं. तुमची पंधरा मिनिटं संपतात आणि पारिजाताबद्दल कुणी अक्षर बोललेलं नसतं. तुम्ही गप्प. दादीमाबद्दल लिहिलं होतं, आणि आता सगळ्या समाजाच्या वतीने उत्तर द्यायचं आहे. अनेक जणी दुसऱ्या आठवड्यापासून का येत नाहीत, याचं एक कारण हे आहे असं मला वाटतं. कोरियात जन्मलेले आणि अमेरिकेत दत्तक गेलेले लेखक मॅथ्यू सॅलेसिस यांनी २०२१ साली याच गप्प बसण्याच्या नियमावर एका पुस्तकात बोट ठेवलं. लिहिणाऱ्याला आधी विचारा, त्याला कशावर बोलणं हवं आहे, असा त्यांचा आग्रह आहे.

तुमच्या शिक्षकांनी नाही विचारलं तरी तुम्ही सांगू शकता. लिखाण पाठवतानाच खाली दोन ओळी टाका: 'प्रथेवर चर्चा नको. दादीमा डोळ्यांपुढे उभ्या राहतात का आणि शेवट घाईत झाला का, एवढं सांगा.' चर्चा भरकटली तर माइक सुरू करून हेच पुन्हा म्हणा. यात उद्धटपणा नाही. चांगला शिक्षक उलट सुटकेचा श्वास टाकतो, कारण त्यालाही ते थांबवायचंच असतं.

मात्र ही ढाल सगळ्याच टीकेपुढे धरायची नाही. मधला परिच्छेद कंटाळवाणा आहे असं तिघांनी म्हटलं, तर तो बहुधा कंटाळवाणाच असतो. तिथे आपला धर्म, आपली बोली मध्ये आणू नका.

आणि हो, ज्या माणसांबद्दल लिहिता ती बहुतेक हयात असतात. नणंदेचं नाव, गाव, तिच्या घटस्फोटाचं साल जसंच्या तसं वर्गात नेऊ नका. नाव बदला, गाव बदला, नाही तर तिला आधी विचारा.

पहिल्या चर्चेनंतर लगेच काही खोडू नका. कोण काय म्हणालं ते वहीत उतरवा आणि दोन दिवस वही कपाटात ठेवा. तिसऱ्या दिवशी दुपारी, घर शांत असताना, आधी आपलं लिखाण मोठ्याने वाचा, मग त्या सूचना. कोणत्या घ्यायच्या आणि कोणत्या सोडायच्या, हे तेव्हा बरंच सोपं झालेलं असतं.