थांबलेला ठिपका

माझे काका कोल्हापूरहून बोम्मसंद्र्याला ट्रक नेतात. शिरोलीच्या फाउंड्रीत तयार झालेले कास्टिंग तिथल्या कारखान्यात उतरवायचे. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर आणि मग बंगळूर ओलांडून होसूर रस्ता. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुपारी तीनला निघालो. जेवणापुरते थांबलो, तेवढेच. पहाटे तीनला शिरा गाव मागे टाकल्यावर काकांनी गाडी ढाब्यापाशी घेतली आणि स्टिअरिंगवर डोके टेकवले. वीस मिनिटांतच फोन वाजला. "गाडी का उभी आहे?" काका म्हणाले, "निघालोच, साहेब." तोंडावर पाणी मारून त्यांनी गाडी सुरू केली. उरलेला रस्ता त्यांचा डोळा लागू नये म्हणून मी त्यांच्याशी बोलत राहिलो.

तेव्हा मला उपग्रहाचाच राग आला होता. पुढे मॅप रीडिंगच्या तासाला सरांनी जीपीएस समजावले आणि माझी चूक कळली. उपग्रह कोणावरही नजर ठेवत नाही. तो फक्त आपली वेळ आणि जागा सांगत राहतो. गाडीतले यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकते, ते पोहोचायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते आणि स्वतःची जागा ठरवते. ती जागा मालकाच्या स्क्रीनवर जाते ती मोबाईलच्या नेटवर्कमधून. म्हणजे नजर माणसाचीच. तिचे काय करायचे, हेही माणसानेच ठरवायचे.

या विद्येत आपला देश मागे नाही. नाविक प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी अवकाशात गेला. २९ मे २०२३ रोजी गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनवलेले अणुघड्याळ आहे. या प्रणालीचे इस्रोचे केंद्र बंगळूरजवळच ब्यालाळू येथे आहे.

मालकाची बाजूही खोटी नाही. गाडीत लाखोंचा माल असतो, वाटेत डिझेल चोरीला जाते, पलीकडे कारखाना वाट पाहत असतो. ट्रॅकर हवाच. चोरीला गेलेली गाडी त्याने सापडते, अपघात झाला तर मदत नेमक्या जागी पोहोचते.

पण जे यंत्र गाडी वीस मिनिटे उभी आहे हे सांगते, तेच ती अकरा तास धावली हेही सांगत असते. ते कोणी पाहत नाही. मोटर वाहतूक कामगारांसाठी १९६१ सालीच आपल्या देशात कायदा झाला. दिवसाला आठ तास काम, लांब पल्ल्याला परवानगीने दहा तास, आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, असे त्यात ठरवले होते. तेव्हा हे तास मोजणार कोण, हा प्रश्न होता. आज मोजणारे यंत्र अनेक मालकांच्या टेबलावर आहे. युरोपात साडेचार तास गाडी चालवल्यावर पाऊण तास थांबावेच लागते. तिथल्या नव्या ट्रकमध्ये २०१९ पासून बसणारे टॅकोग्राफ हे यंत्र चालकाचे तास मोजते आणि उपग्रहाच्या मदतीने ठिकाणांचीही नोंद ठेवते.

आपल्याला शिस्तीचे धडे रोज मिळतात, म्हणून हे इथे लिहावेसे वाटले. सैन्याचा ताफा निघतो तेव्हा त्याचे थांबे आधीच ठरलेले असतात. थांबणे हा तिथे हुकुमाचाच भाग असतो. मालाच्या ट्रकला हाच नियम का नको? गाडी निघण्यापूर्वीच विश्रांतीच्या जागा नकाशावर लावाव्यात. त्या जागी गाडी उभी असेल तर फोन करू नये. आणि पाच तास उलटूनही ठिपका थांबला नाही, तर मात्र जरूर करावा आणि सांगावे, "दादा, गाडी बाजूला घ्या."

त्या दिवशी बोम्मसंद्र्यात माल उतरला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. काका केबिनमध्येच आडवे झाले. त्यांचा फोन मी माझ्याकडे घेतला. संध्याकाळपर्यंत तो दोनदा वाजला. मी काकांना उठवले नाही.