मोटार थांबवतो कोण?

जुन्या मोटारींची हौस असणारी माणसे नाशकात थोडीथोडकी नाहीत. कुणी आजोबांची फियाट जपून ठेवलेली असते, कुणी भंगारातून उचलून आणलेली असते. एकदा गाडी चालती झाली, की हौस वाढत जाते. इंजिनाची ताकद वाढवायची, रुंद टायर घालायचे, गाडी शर्यतीच्या मोटारीसारखी पळवायची. मग ब्रेक अपुरे वाटू लागतात. पुढच्या चाकांचे मूळचे ड्रम काढून त्या जागी एखाद्या नव्या छोट्या मोटारीच्या डिस्क बसवल्या जातात. सातपूर-अंबडला लेथवाल्यांची वाण नाही. हब कातून मिळतो, कॅलिपर धरायला जाड पट्टी कापून मिळते, आणि काम फत्ते! गाडी रस्त्यावर काढून जोरात ब्रेक दाबायचा. टायर किंचाळले, डांबरावर काळे पट्टे उठले, की मालक खूश. ब्रेक पास!

विद्यार्थी मित्रांनो, माझे म्हणणे असे, की ही परीक्षाच चुकीची आहे. काळे पट्टे उठणे ही ब्रेकची शाबासकी नव्हे. चाक फिरायचे थांबले आणि मोटार मात्र घसरत राहिली, एवढाच त्याचा अर्थ.

आपण उदाहरणाला फियाटच घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही इटालियन घडणीची गाडी तयार होई. १९७४ पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने अर्धे शतक काढले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची टॅक्सी सेवेतून गेली. गाडीचे वजन सुमारे ९०० किलो, चारही चाकांना ड्रम ब्रेक. चार माणसे व सामान धरून १२०० किलो समजू. वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर. गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्हाला पाठ आहेच. उत्तर येते २,४०,००० जूल. गाडी थांबली म्हणजे ही ऊर्जा नाहीशी झाली असे नाही; तिची उष्णता झाली. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी २७ अंशांवरून ८४ अंशांवर जाईल.

हे एकदा थांबण्याचे झाले. आता इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरा. (समृद्धी महामार्गाचा बोगदा २०२५ साली खुला झाला, तरी जुना घाट काही ओस पडलेला नाही.) उतार सुमारे ३०० मीटरचा. स्थितिज ऊर्जेतील घट काढली, तर ती ३५ लाख जूल भरते, म्हणजे आधीच्या जवळजवळ पंधरापट! चारही ड्रममध्ये मिळून २० किलो बीड आहे असे हिशोबापुरते धरा. बिडाची विशिष्ट उष्मा पाण्याच्या साधारण एक-नवमांश. सगळा भार ब्रेकवर टाकला आणि वाऱ्याने मुळीच थंडावा दिला नाही, तर ड्रमचे तापमान पावणेचारशे अंशांनी वाढेल. प्रत्यक्षात वारा असतो, आणि शहाणा चालक खालच्या गिअरमध्ये उतरून बरीचशी ऊर्जा इंजिनाकडून खर्च करवतो. तरीही घाटाच्या पायथ्याशी चाकांजवळ जो करपट वास येतो तो उगाच नाही.

इथे डिस्कची बाजू खरोखर भक्कम आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. ड्रम तापला की प्रसरण पावतो, त्याचा व्यास वाढतो, आणि आतून दाबणाऱ्या शूपासून तो दूर सरकतो. डिस्क तापली की तिची जाडी वाढते, म्हणजे ती पॅडच्या अधिक जवळ येते! शिवाय ती उघड्या वाऱ्यात असते. इंग्लंडमध्ये लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट १९०२ सालीच घेतले होते. पण तिचा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, जेव्हा डिस्क लावलेल्या जॅग्वार मोटारीने ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुन्हा पुन्हा ब्रेक लावावा लागतो तिथे डिस्कचे श्रेष्ठत्व वादातीत आहे.

परंतु एकदाच, थंड ब्रेकने थांबायचे असेल तर? मूळचा ड्रम नीट असेल, तर तोही चाक पूर्ण थांबवू शकतो. मोटारीला थांबवणारे अखेरचे बल टायर आणि रस्ता यांच्यामधील घर्षणाचे असते. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ धरला, तर ऋण त्वरण सेकंदाला सेकंदाला ७ मीटरच्या वर जाऊ शकत नाही, आणि ताशी ७२ च्या वेगातून थांबायला निदान २९ मीटर लागतातच. ओल्या रस्त्यावर घर्षणांक ०.४ झाला की हे अंतर ५० मीटर. या हिशोबात ड्रम किंवा डिस्क हा शब्द कुठे आला? आणि चाक जाम होऊन घसरू लागले, की घर्षण आणखी थोडे कमी होते. किंचाळणारे टायर अंतर वाढवतात, कमी करत नाहीत.

त्याहून नाजूक गोष्ट पुढच्या-मागच्या चाकांच्या वाटणीची. ब्रेक लावताच गाडी नाक खाली घालते. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटीमीटर आणि चाकांच्या आसांतील अंतर २.३ मीटर धरा. जोराचा ब्रेक लागला असता एकूण भाराचा सहावा हिस्सा मागून पुढे सरकतो. आधी निम्मे-निम्मे असेल, तर आता पुढे दोन-तृतीयांश, मागे एक-तृतीयांश. म्हणून कारखान्यात प्रत्येक चाकाचे ब्रेक मोजून-मापून ठरवलेले असतात. पुढे अवाजवी मोठी डिस्क घातली, तर पुढची चाके आधी जाम होतात, आणि गाडी स्टिअरिंग ऐकेनाशी होते. कुणी मागेही मोठी डिस्क घालतो; मग मागची चाके आधी घसरतात आणि गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरते. हे दुसरे अधिक घातक.

आणि पास्कलचा नियम विसरून कसे चालेल? कॅलिपरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ जुन्या व्हील सिलिंडरच्या कितीतरी पट असते. त्यामुळे बल वाढते खरे, पण तेवढेच जास्त ब्रेक ऑइल ढकलावे लागते. मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला तर पेडल खोल जाते. ड्रममध्ये शू चाकाच्या फिरण्यामुळेच ओढला जाऊन आपोआप घट्ट बसतो, पायाला मदत होते. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही, म्हणून तिला बूस्टर लागतो. तसेच ड्रमच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा एक छोटी झडप असते. ती पाय काढल्यावरही नळीत थोडा दाब राखते. ड्रममध्ये शू मागे ओढायला स्प्रिंग असते, म्हणून चालते. डिस्कमध्ये स्प्रिंग नाही. पॅड घासतच राहतात, आणि ब्रेक न लावताही डिस्क तापते!

कायदा या बाबतीत कडक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले, की उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार वाहनात करता येत नाहीत. काही हौशी मंडळींना हा जाच वाटतो. मला तसे वाटत नाही. पट्टीचा एक बोल्ट तुटला तर त्याची किंमत समोरून सायकलवर येणारा मुलगाही मोजतो, आणि त्याला तर कुणी विचारलेलेही नसते. पुण्याच्या एआरएआय संस्थेत ब्रेकची कसोटी उपकरणे लावून घेतात, ती काय वेळ जात नाही म्हणून? मोजमाप केल्याशिवाय 'सुधारणा' हा शब्द वापरण्याचा आपल्याला अधिकार नाही, मग तो बदल किती का महागाचा असेना.

गंमत अशी, की पुष्कळदा जुन्या ब्रेकचा दोष ड्रममध्ये नसतोच. ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेते. 'डॉट ३' प्रतीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलसर झाल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत खाली येते. घाटात ते उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, पेडल तळाला टेकते, आणि ब्रेक लागतच नाही. नवे ऑइल, नव्या रबरी नळ्या, गोल कातलेले ड्रम आणि चांगले टायर, एवढ्यावर निम्म्या तक्रारी मिटाव्यात. पण त्यात मिरवण्यासारखे काही नाही ना!

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. हा सगळा धडा सायकलवर होतो. शाळेजवळ रहदारी नसलेला एक उतार शोधा, खाली सपाट जागा हवी. उतारावर अर्धा, एक आणि दीड मीटर उंचीच्या खुणा करा. मुलाने हेल्मेट घालून, पॅडल न मारता खुणेपासून यायचे आणि सपाटीवरच्या रेषेवर मागचा ब्रेक बेताने लावायचा. पुढचा ब्रेक एकटा लावू देऊ नका. थांबण्याचे अंतर टेपने मोजा, प्रत्येक खुणेसाठी पाच वेळा. मग रिमवर पाणी शिंपडून पुन्हा मोजा. उंची आडव्या अक्षावर आणि अंतर उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. रेषा सरळ यायला हवी. का, ते मुलांना शोधू द्या. ओल्या रिमचे बिंदू त्या रेषेच्या किती वर पडतात तेही पहा.