६९५ आणि ‘सुमारे १,३००’

१/ जगातील सर्वांत प्राणघातक टोर्नेडो कोठे झाला, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या ओठांवर तयार असते : अमेरिकेत. हे उत्तर चुकीचे आहे, आणि ही चूक सामान्यज्ञानाची कमी, इतिहासलेखनाची अधिक आहे.

२/ २६ एप्रिल १९८९. बांगलादेशातील माणिकगंज जिल्हा. दुष्काळाने होरपळलेल्या दौलतपूर–साटुरिया परिसरावर सायंकाळी टोर्नेडो कोसळला. सुमारे १,३०० मृत्यू, १२,००० जखमी, ८०,००० बेघर.

३/ अमेरिकेतील सर्वांत भीषण टोर्नेडो १८ मार्च १९२५ चा. मिझुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून गेलेला. मृत ६९५. दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. १९२५ चा आकडा एककापर्यंत मोजलेला आहे. ६४ वर्षांनंतरचा मात्र शेकड्यांत, अंदाजाने सांगितला जातो.

४/ साटुरिया हा अपवादही नव्हे. ७ एप्रिल १८८८, ढाका : शंभराहून अधिक बळी. १४ एप्रिल १९६९, ढाक्याजवळील डेमरा परिसर : सहाशेहून अधिक. १३ मे १९९६, टांगाइल परिसर : सुमारे ७००. २४ मार्च १९९८, पश्चिम बंगाल–ओडिशा सीमेवरील दांतन परिसर : दीडशेहून अधिक.

५/ तारखा मार्च ते मे यांतल्याच आहेत. या काळात बंगालच्या उपसागरावरून दमट वारे येतात, पश्चिमेकडून कोरडी, तापलेली हवा येते आणि वर वेगवान वारे वाहतात. यातूनच कालबैशाखीची वादळे उठतात. त्यांतील एखाद्याच्या पोटी टोर्नेडो जन्मतो.

६/ परंतु बळींचा हिशेब केवळ आकाशाच्या माथी मारता येत नाही. दाट वस्ती, बांबूच्या भिंती, पत्र्याची छपरे. उडालेला पत्रा पात्यासारखा कापत जातो. वारा निसर्गाचा असतो, घराचा कच्चेपणा दारिद्र्याचा.

७/ आक्षेप ठरलेला आहे : टोर्नेडो अचानक येतो, इशारा देणार कसा? अमेरिकी हवामान खातेही कित्येक दशके हेच मानत होते. लोक घाबरतील म्हणून अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्दच टाळला जाई. मग २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर दोन लष्करी हवामानतज्ज्ञांनी अंदाज वर्तवला, आणि तो खरा ठरला. ‘अशक्य’ हा शब्द तेथेच निकालात निघाला.

८/ दुसरा पुरावा खुद्द बांगलादेशचा. १९७० च्या भोला चक्रीवादळात लाखो माणसे गेली. १९७२ मध्ये चक्रीवादळ सज्जता कार्यक्रम सुरू झाला. १९९१ मध्ये पुन्हा सव्वा लाखाहून अधिक बळी गेले, तेव्हा निवारे वाढवले गेले. २०२० च्या अम्फानमध्ये त्या देशातील मृत्यू शंभराच्या आत राहिले. लाखांच्या आकड्याने राज्यकर्ते हलले. टोर्नेडोचे शेकडे मात्र कोणाच्या खिजगणतीत आले नाहीत.

९/ मराठीही यात निर्दोष नाही. बातम्यांत टोर्नेडोला कधी ‘चक्रीवादळ’ म्हटले जाते, तर कधी ‘वावटळ’. शेकडो किलोमीटर पसरलेले, अनेक दिवस टिकणारे वादळ आणि काही मिनिटांत गाव पुसून टाकणारा भोवरा यांना एकच नाव दिले, की दुसऱ्याचा इतिहास पहिल्यात बुडून जातो.

१०/ जे मोजले जात नाही ते लिहिले जात नाही, आणि जे लिहिले जात नाही त्याच्यासाठी निवारा बांधला जात नाही. ‘सुमारे’ या एका शब्दाआड साटुरियातील किती माणसे उभी आहेत, हा प्रश्न म्हणूनच हवामानशास्त्राइतकाच इतिहासाचाही आहे.