सोन्याचे नाणे: मूस, माळ आणि पेटी

पोस्टाची तिकिटे जमवणाऱ्याला लोक हौशी म्हणतात, तांब्याची जुनी नाणी जमवणाऱ्याला थोडा विक्षिप्त म्हणतात. पण सोन्याची नाणी जमवणाऱ्याला मात्र एकदम श्रीमंत म्हणून मोकळे होतात. त्याच्या छंदात छंद किती आणि गुंतवणूक किती, असा प्रश्न त्याच्या पाठीमागे विचारला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांचा आक्षेप याहून कडक असतो. त्यांच्या मते खासगी पेटीत गेलेले प्रत्येक दुर्मिळ नाणे हे सार्वजनिक इतिहासातून चोरलेले एक पान होय. या दोन्ही आरोपांत तथ्य आहे. तरीही आम्ही या छंदाच्या बाजूने उभे राहू इच्छितो. मात्र एका अटीवर. ती अट कोणती, हे सांगण्यापूर्वी सोन्याच्या नाण्याच्या नशिबात काय काय लिहिलेले असते, ते पाहणे आवश्यक आहे.

सोन्याच्या नाण्याचा पहिला शत्रू म्हणजे त्यातले सोने. हे विधान चमत्कारिक वाटेल, म्हणून आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाल्यावर शिवाजी महाराजांनी पाडलेल्या नाण्यांत तांब्याची शिवराई आणि सोन्याचा होन ही दोन प्रमुख. दोहोंवरचा मजकूर एकच: एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. शिवराई पुढे पिढ्यान्‌पिढ्या पाडली गेली, वापरली गेली, आणि आजही महाराष्ट्रातल्या बाजारांत ती सहज भेटते. होन मात्र बोटांवर मोजण्याइतके. होन मुळात कमी पाडले गेले, हे एक कारण असेलच. पण ते एकमेव नव्हे. अडचणीच्या दिवसांत कोणी शिवराई वितळवायला घेत नाही, कारण तिच्या तांब्याचे मोल ते किती! होन मात्र प्रत्येक दुष्काळात, प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाटणीत सराफाच्या दुकानाची पायरी चढतो. पावणेतीन ग्रॅमच्या आसपासचे ते सोने मुशीत गेले, की ‘श्री राजा शिव’ ही अक्षरे क्षणात विरघळतात. तांबे टिकले ते त्याच्या हलकेपणामुळे, आणि सोने गेले ते त्याच्या थोरवीमुळे.

ही केवळ गरिबाच्या अडचणीची गोष्ट नाही. १७८३ मध्ये कोलकात्याच्या कालीघाटाजवळ सोन्याच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तो वॉरन हेस्टिंग्जच्या हाती आला आणि त्याने १७२ नाणी लंडनला कंपनीच्या संचालकांकडे भेट म्हणून धाडली. ती गुप्त राजांच्या परंपरेतली नाणी आहेत, हे ओळखण्याइतके ज्ञान त्या वेळी कोणापाशीच नव्हते. काही नाणी ब्रिटिश म्युझियमला आणि काही संग्राहकांना वाटली गेली. उरलेली वितळवण्यात आली. म्हणजे बंगालच्या मातीने शतकानुशतके सांभाळलेली नाणी लंडनच्या सुशिक्षित गृहस्थांना दोन-चार वर्षेही सांभाळता आली नाहीत.

याच्या उलट उदाहरण १९४६ मधले. भरतपूर संस्थानात बयाना गावाजवळ गावकऱ्यांना सोन्याच्या नाण्यांनी भरलेले एक भांडे सापडले. त्यातली काही नाणी वाटली गेली, काही वितळली. पण संस्थानाने त्वरा केल्यामुळे १,८२१ नाणी वाचली. अनंत सदाशिव आळतेकर या मराठी विद्वानाने त्यांतले एकेक नाणे तपासून १९५४ मध्ये त्यांची सविस्तर सूची प्रसिद्ध केली. दुसऱ्या चंद्रगुप्ताचे ‘चक्रविक्रम’ हे बिरुद धारण करणारे, तोवर कोणालाही ठाऊक नसलेले नाणे या साठ्यातच जगाने प्रथम पाहिले. ते एक नाणे सराफाकडे गेले असते, तर त्याच्या जागी आज कोणाच्या तरी बांगडीतले काही ग्रॅम सोने असते, आणि काही हरवले आहे याचा कोणाला पत्ताही लागला नसता.

नाणे वाचता येते, ही गोष्ट साहित्याच्या वाचकांना वेगळी सांगायला नको. समुद्रगुप्ताची अलाहाबादच्या स्तंभावरील प्रशस्ती त्याच्या दिग्विजयाचे लांबलचक वर्णन करते, परंतु त्याच्या अश्वमेधाविषयी ती काही बोलत नाही. यूपापुढे उभा असलेला घोडा दाखवणारी त्याची सोन्याची नाणी मात्र बोलतात. हाच राजा दुसऱ्या एका नाण्यावर शस्त्रे बाजूला ठेवून मंचकावर वीणा वाजवीत बसलेला दिसतो. दरबारी कवीने प्रशस्तीत संगीतनैपुण्याची स्तुती करणे वेगळे, आणि राजाने आपली तीच प्रतिमा सोन्यावर उठवून प्रजेच्या हाती देणे वेगळे. पुढे स्कंदगुप्तापासून नाण्याचे वजन वाढते आणि सोन्याचा कस मात्र उतरत जातो. राज्याला ओहोटी लागल्याची बातमी कोणत्याही शिलालेखात मिळणार नाही. ती त्या उतरत्या कसात आहे.

मात्र नाण्याचा मजकूर त्याच्या दोन बाजूंवरच संपत नाही. ते कोठे सापडले, कशात सापडले, त्याच्यासोबत आणखी कोणाची नाणी होती, त्यांत झिजलेली किती आणि कोरी किती, हा त्याचा उरलेला मजकूर होय. सर्वांत नवे नाणे कोणते, यावरून भांडे केव्हा पुरले गेले याचा अंदाज येतो. दूरदेशीची नाणी कोणती, यावरून व्यापाराच्या वाटा समजतात. साठा हे पुस्तक मानले, तर सुटे नाणे म्हणजे त्यातून फाडलेले पान. पान सुंदर असू शकते, पण ते कोणत्या प्रकरणातले, हे एकट्या पानाला सांगता येत नाही.

मुशीतून वाचलेल्या नाण्याला आपल्याकडे आणखी एक आसरा मिळत आला आहे, तो स्त्रियांच्या गळ्यातल्या माळेचा. पुतळ्यांची माळ मराठी घरांत सर्वांच्या परिचयाची आहे; पण मूळची ‘पुतळी’ व्हेनिसहून आली, हे पुष्कळांच्या गावी नसते. १२८४ पासून १७९७ पर्यंत व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने साडेतीन ग्रॅमचा सोन्याचा डुकाट जवळजवळ एकाच वजनाचा आणि एकाच शुद्धतेचा पाडला. त्याच्या एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख. समुद्रामार्गे ही नाणी आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्यांच्यावरच्या उभट आकृती आपल्या लोकांना पुतळ्यांसारख्या दिसल्या, आणि नाण्याला नाव पडले पुतळी. पुढे आपल्या सोनारांनीच त्यांच्या नकला केल्या. त्या नकलांवरची लॅटिन अक्षरे नुसत्या उभ्या-आडव्या रेघा होऊन बसली. एका परक्या राज्याची मुद्रा इतक्या सहजपणे मराठी दागिना होते, यात आम्हांला संस्कृतीचा एक मोठा धडा दिसतो. नाणेबाजारात मात्र कडी लावलेल्या नाण्याची किंमत पडते. संग्राहकांना ते सदोष वाटते. आम्हांला त्या कडीतच त्याचे अर्धे चरित्र दिसते.

हीच गोष्ट घाव घातलेल्या नाण्यांची. तमिळ प्रदेशातल्या पुदुक्कोट्टै येथे १८९८ मध्ये पाचशेवर रोमन सुवर्णनाणी सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरूनच छिन्नीचा घाव आहे. नाणे म्हणून त्यांना बाद करून केवळ धातू म्हणून चालवण्यासाठी तो घातला असावा, असे अभ्यासकांनी मानले आहे. देखण्या नाण्याच्या शोधात असलेला संग्राहक अशी नाणी बाजूला सारील. इतिहासाच्या शोधात असलेला संग्राहक तो घावच आधी पाहील.

आता त्या तिसऱ्या ठिकाणाविषयी, म्हणजे संग्राहकाच्या पेटीविषयी. वस्तुतः आज संग्रहालयांत दिसणारी कितीतरी नाणी एके काळी अशाच पेट्यांतून होती. विल्यम मार्स्डेनने जमवलेली पौर्वात्य नाणी १८३४ मध्ये ब्रिटिश म्युझियमला मिळाली. ब्राह्मी लिपीचे कोडे १८३७ मध्ये सोडवणारा जेम्स प्रिन्सेप हा टांकसाळीतला कस तपासणारा अधिकारी. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी त्याच्याकडे धाडलेली नाणी आणि लेखांचे ठसे यांवरच त्याचे काम उभे राहिले. मूस आणि नाणे यांच्यामध्ये उभा राहणारा माणूस पुष्कळदा हा हौशी संग्राहकच असतो. सराफ वजनाचा भाव देतो; संग्राहक त्याहून अधिक देतो, आणि तेवढ्यानेच ते नाणे वाचते. हे श्रेय त्याला दिले पाहिजे.

पण येथेच आमची तक्रारही सुरू होते. नाण्यांच्या एका प्रदर्शनात आम्ही एका विक्रेत्याला त्याच्या मखमलीवरील नाणे कोठले, असे विचारले. तो शांतपणे म्हणाला, “जुन्या घराण्यातले आहे.” पुढच्या टेबलावरही तेच उत्तर मिळाले, आणि त्याच्या पुढच्याही. इतकी जुनी घराणी आणि त्यांत एकालाही नाव नाही! हे उत्तर विक्रेता देतो, कारण गिऱ्हाइकाला तेवढे पुरते. नाणे अस्सल आहे ना, झळाळी टिकून आहे ना, किंमत वाढेल ना, एवढेच ज्याला विचारायचे असते, त्याला प्राप्तिस्थान नको असते. उलट ते ठाऊक नसले तर बरेच. सापडलेला साठा एका रात्रीत चार गावांत विखुरतो, तो अशा न विचारणाऱ्या गिऱ्हाइकांच्या भरवशावर. मूस नाणे नष्ट करते. न विचारणारा संग्राहक त्याचा अर्धा मजकूर नष्ट करतो. शिवाय जेथे उगम विचारला जात नाही, तेथे बनावटीला मोकळे रान मिळते. शिवाजी महाराजांच्या होनावरील श्रद्धा मोठी आणि अस्सल होन थोडे. मग नकली होनांचा सुळसुळाट झाला, तर नवल ते काय? खोटा होन केवळ गिऱ्हाइकाला फसवत नाही. तो अभ्यासाच्या पुराव्यातही खोट मिसळतो.

अर्थात सारा दोष संग्राहकाचा नाही. जमिनीत सापडणाऱ्या धनासंबंधीचा १८७८ चा कायदा सांगतो, की दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास कलेक्टरला कळवावे. सरकारला ते ठेवून घ्यायचे झाल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे खुद्द कायदाच नाण्याकडे सराफाच्या नजरेने पाहतो! ज्या शेतकऱ्याच्या नांगराला भांडे लागले, त्याने प्रामाणिकपणे कचेरीत जावे, तर जबानी, पंचनामा आणि वजनाचा भाव. आणि गुपचूप सोनाराकडे जावे, तर तोच भाव, शिवाय त्रास नाही. त्याने काय निवडावे, अशी आपली अपेक्षा आहे? इंग्लंडने १९९६ च्या कायद्याने वेगळी वाट धरली. तेथे संग्रहालयाला वस्तू हवी असल्यास स्वतंत्र समितीने ठरवलेला बाजारभाव बक्षीस म्हणून दिला जातो. किरकोळ वस्तूंचीही स्वेच्छेने नोंद करून घेणारी योजना १९९७ पासून सुरू झाली. आपली परिस्थिती निराळी आहे, हे मान्य; पण प्रामाणिकपणा तोट्याचा ठरू नये, एवढे तत्त्व तरी कोणत्याही देशाला उचलता येईल.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर संग्राहकाच्या हाती जे आहे, तेथेच आमची अट येते, आणि ती अगदी साधी आहे: पेटीसोबत एक वही असावी. वहीत प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे छायाचित्र असावे. ते कधी, कोणाकडून, काय सांगून मिळाले, हे लिहिलेले असावे. ‘जुन्या घराण्यातले’ एवढेच कळले असेल, तर तेवढेच लिहावे. पण ज्या नाण्याविषयी विक्रेता डोळ्यांत डोळे घालून काही सांगू शकत नाही, ते घेऊ नये. एकत्र आलेली नाणी एकत्र नोंदवल्यावाचून विखरू देऊ नयेत. नाणे घासून चकचकीत करू नये, कडी तोडू नये. एखादे अपरिचित नाणे हाती आलेच, तर ते छापून, जाणत्यांना दाखवून मोकळे व्हावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आहे. मुंबईपुण्याच्या अभ्यासकांचे दरवाजेही बंद नाहीत.

एवढे करणे श्रीमंतीचे काम नव्हे, चिकाटीचे आहे. ज्याला ते जमत नाही, त्याने खुशाल सोन्याची वळी घ्यावीत. भाव त्यांनाही येतो, आणि त्यांच्यावर कोणाचे नाव नसते. संग्राहक आज ना उद्या जाणार. त्याच्या मागे मुले पेटी उघडतील आणि पहिला प्रश्न विचारतील, तो वजनाचा. त्या वेळी पेटीत वही असेल, तर कदाचित कोणी सराफाकडे जाण्याआधी ती चाळून पाहील.